झेंडा खाली गेला पाहिजे

बेलापूरच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे उतरत जाणाऱ्या रतनआत्याच्या वावरात मी मे महिन्यात एक नळी पुरली आणि गावाला हसायला कारण मिळालं.

नळी साधीच होती. भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाईप, जमिनीत छातीइतका खोल. त्यात थर्माकोलचा तुकडा, तुकड्यावर उभी बांबूची काडी, आणि काडीच्या टोकाला आत्याच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी. जमिनीतलं पाणी वर आलं की थर्माकोल तरंगत वर येतो आणि चिंधी नळीबाहेर फडकते. पाणी उतरलं की चिंधीही नळीत उतरते.

शेजारच्या बांधावरून आबासाहेबांनी विचारलं, "स्नेहलताई, हा झेंडा कुठल्या पक्षाचा म्हनायचा?"

"पाण्याचा, आबा. तो खाली गेला की आपण जिंकलो."

"जिंकल्यावर खाली येनारा पक्ष मी तरी न्हाई पाह्यला," आबा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

चिंधी त्या दिवशी चांगली हातभर वर होती. भर उन्हाळ्यात, भेगा पडलेल्या जमिनीत, पाणी अवघ्या हातभर खोलीवर होतं.

हे वावर म्हणजे दोन एकर. आत्या नवी नवरी होती तेव्हा तिनं आणि मामांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, ते हातानं सपाट केलं होतं आणि त्यात कमरेइतका गहू पाहिला होता. आता तिथं पीठ सांडल्यासारखा पांढरा थर होता आणि लव्हाळ्याशिवाय काही उगवत नव्हतं. आत्याचा मुलगा सुनीलदादा ते तीस वर्षांसाठी सोलरवाल्यांना द्यायचं म्हणत होता. जमीन आत्याच्या नावावर होती, त्यामुळे सही तिची लागणार होती.

"एक रब्बी दे मला," आत्या त्याला म्हणाली. "गहू उगवला न्हाई तर जानेवारीत तू म्हनशील तिथं सही करते."

"आई, दहा वर्सं तू हेच म्हनतीस."

"दहा वर्सं माझ्या जोडीला राहुरीला शेतकी शिकलेली भाची न्हवती."

मी मान खाली घातली. शिकले होते ते पुस्तकातलं. स्वतःच्या हातानं एकही वावर सुधारलं नव्हतं.

पहिली गोष्ट मला आत्याकडूनच कळली. पांढरं फुटलं की ती म्हणायची, भुई तहानली. मग कालव्याचं आवर्तन सुटलं की ती आपली पाळी घ्यायचीच. पाळी सोडणं म्हणजे आमच्याकडे ताटावरून उठण्यासारखं. पाणी दिलं की पांढरा थर खरोखर नाहीसा व्हायचा. आठवडाभर जमीन काळीभोर दिसायची, आणि मग पहिल्यापेक्षा जाड थर वर यायचा. आत्याला वाटायचं, पाणी कमी पडलं.

मी चहाच्या कपात खारी उभी धरली. फक्त टोक बुडवलं होतं, तरी चहा बघता बघता बोटापर्यंत चढला.

"भुई अशीच पाणी वर ओढते," मी म्हणाले. "खाली पाणी जवळ असलं की ते चढत राहतं. उन्हानं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. तू पाणी देतेस तेव्हा मीठ विरघळतं, जात नाही. आणि खालचं पाणी आणखी वर येतं."

आत्या खारीकडे बघत राहिली. "म्हंजे तहानलेली न्हवती. बुडत हुती."

"हो."

"अन् मी आपली पाजत हुते," असं म्हणून तिनं ती खारी माझ्या हातातून घेऊन खाऊन टाकली.

उन्हाळ्यातच आम्ही जेसीबीनं ओढ्याच्या दिशेनं खोल चर काढले, त्यात भोकांचे पाईप टाकले, वर खडी आणि माती लोटली. सगळ्या पाईपांचं तोंड ओढ्यात. खालच्या कोपऱ्यात पाणकणसाचं बेट होतं, तिथं पाणकोंबड्या पिल्लं घेऊन फिरायच्या. सुनीलदादा म्हणाला, आता आलोच आहोत तर तेही कोरडं करू. मी चर अलीकडेच थांबवले. गव्हाला मारणारं हातभर खोलीचं पाणी पाणकणसाला जगवतं. आत्याला हे लगेच पटलं.

"त्यांचं पानी त्यांना वर असू दे," ती म्हणाली. "आमचं खाली जाऊ दे."

पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला आणि तिथंच गाडला. पावसाचं गोडं पाणी मातीतून झिरपत, मीठ घेऊन, पाईपातून ओढ्याला जात राहिलं. दिवाळीनंतर एका सकाळी आत्यानं मूठभर माती दाबून सोडली आणि ती फुटली. वापसा आला होता, जमीन पेरणीजोगी झाली होती. त्या वावरात वापसा ही गोष्टच ती विसरली होती. त्याच दिवशी गहू पेरला.

खरी परीक्षा पुढे होती. गव्हाचे कोंब वर आले आणि कालव्याचं आवर्तन सुटलं. वरच्या अंगाच्या सगळ्यांनी उसाला पाणी लावलं. त्यांचं पाणी जमिनीखालून आमच्याकडेच उतरणार होतं.

आत्याची पाळी आली. ती वावराकडे येणाऱ्या चारीच्या तोंडाशी गेली, फावड्यानं मातीचा बांध घातला आणि पाणी पुढं जाऊ दिलं. वावरात ओल पुरेशी होती.

आबासाहेब बघत होते. "रतनवहिनी, पाळी सोडली? बरं न्हाई का वाटत?"

"लई बरं वाटतंय. तुमी घ्या माझ्या वाटचं."

चिंधी मात्र वर यायला लागली. आधी टोक दिसलं, मग वीतभर काडी. सुनीलदादा बांधावर येऊन उभा राहिला. त्याची नजर काडीवरच होती. कोंब मुळाशी बुडाले, तर दोन दिवसांत पिवळे पडणार होते. पाईप कुठं बुजला असेल का, हे बघायला मी ओढ्याकडे पळाले.

पाईपाचं तोंड भरून वाहत होतं. मनगटाएवढी धार, स्वच्छ, थांबायचं नाव नाही. मागून आबासाहेब आले. त्यांनी ओंजळ धरली, चाखलं आणि थुंकले.

"मीठ हाय ह्यात."

"तेच बाहेर जातंय, आबा."

त्यांनी वर आपल्या उसाकडे पाहिलं. त्यांच्याही बांधाकडेला अलीकडे पांढरं दिसत होतं.

आवर्तन संपायच्या आधीच चिंधी उतरायला लागली. आत्या, सुनीलदादा आणि मी नळीभोवती उभे होतो, विहिरीत पडलेली घागर बघावी तसे वाकून. आधी काडी गेली, मग चिंधी नळीच्या काठाला टेकली, आणि आत गेली.

"गेला झेंडा," आत्या म्हणाली.

भोवती दोन एकर गहू हिरवागार उभा होता. खाली पाणकणसाच्या बेटात पाणकोंबडी ओरडत होती. सुनीलदादानं मोबाईल काढला आणि सोलरवाल्यांना सांगितलं की जमीन द्यायची नाही, तिच्यात गहू आहे. पुढचं ऐकून घेऊन तो म्हणाला, "तेच वावर, साहेब. व्हय, खालचंच."

आपल्या उसाकडे जाताना आबासाहेब बांधावर थांबले.

"स्नेहलताई, तुमच्या पक्षात नवीन मानसं घेता का?"

"घेतो की. पण पाळी सोडावी लागेल."

आबांनी बराच वेळ तंबाखू मळली. "चिंधीला लुगडं कुनाचं लागतं?" त्यांनी विचारलं. "आमच्या हिचं चालंल का?"