मत्स्यालयाचा मागचा दरवाजा

सहलीचा बेत आखता आखता माणसं भांडतात, रुसतात, फार तर जेवायचं सोडतात. आमच्याकडे त्या बेतावर एका बाईचा आणि नऊ वर्षांच्या पोरीचा जीव टांगलेला होता. ज्याच्या हातून तो सोडवायचा, तो माझा सख्खा धाकटा भाऊ.

गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग हा आमचा धंदा. पुढे गॅरेज, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेर पडायला वाट एकच, गॅरेजच्या शटरमधून, आणि शटरची चावी भावाच्या खिशात. चेपलेला पत्रा तो ठोकून सरळ करतो. मग मी पुट्टी लावते, घासते, रंग मारते. काम बापाने शिकवलं. शिकवताना बापाचा हात फार सैल होता, माझा डावा कान त्यातच गेला. बाप मेला तेव्हा मला वाटलं, सुटलो. कसले सुटतोय! बापाचा हात भावाच्या खांद्याला येऊन चिकटला होता.

आणि पुट्टी लावायचं काम मी घरातही करत होते, हे कबूल करते. भावजयीचा गाल सुजला की शेजारणीला मीच सांगायचे, न्हाणीघरात घसरली हो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? ती बिचारी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती आणि तोंड दाबणारी मी होते. दोनदा ती बसस्टँडपर्यंत पोचली. दोन्ही वेळा त्याने तिला केसाला धरून परत आणली, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत.

गेल्या महिन्यात मुंगीच्या हातून थिनरचा डबा सांडला. सारखी इकडून तिकडे काहीतरी वाहून नेत असते म्हणून भाचीचं नाव मुंगी. त्याने पट्टा काढला. पोर रडली नाही. पट्टा पाठीवर पडत होता आणि ती माझ्याकडे बघत होती, आत्या काय करते ते बघत होती. आत्या ब्रश धुवत उभी होती. त्या दिवसाची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

चार दिवसांनी जेवताना मी सहज म्हटलं, "त्या मोठ्या शहरात जुन्या मोटारींचं संग्रहालय उघडलंय म्हणे. सगळ्या हाताने ठोकलेल्या बॉड्या."

"हाताने?" त्याचा घास हातात राहिला.

"मशीन लागलेलंच नाही. बापाच्याही आधीच्या कारागिरांचं काम."

झालं, मासा गळाला लागला. दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने रकाने आखले आणि कागद फ्रिजवर चिकटवला. पहिल्या दिवशी ऐंशी मजल्यांचा मनोरा आणि नदीवरचा काचेचा पूल. दुसऱ्या दिवशी मोटारी. मग विज्ञानकेंद्र, आकाशपाळणा, उघड्या टपाच्या बसमधून फेरी. रोज रात्रीच्या जेवणाआधी काहीतरी खोडायचं, काहीतरी वाढवायचं. मुंगी स्टूलवर उभी राहून वाचायची आणि त्याचा मूड बघून आवाज लहानमोठा करायची.

भावजय एकदाच बोलली. "दुसऱ्या दिवशी मत्स्यालय बघितलं तर? काचेच्या बोगद्यातून चालायचं असतं. डोक्यावरून मासे जातात."

"तुला विचारलं कुणी?" म्हणत त्याने चहाचा कप भिरकावला. तिच्या कानाजवळून तो भिंतीवर गेला. चहा गरम होता. ती मानेवर हात दाबून खाली बसली आणि कपाचे तुकडे गोळा करायला लागली.

मी हसले. माझ्या आयुष्यात इतकं अवघड हसू मी हसलेली नाही. म्हटलं, "अरे, बघू दे की मासे. तुला ताटातले आवडतात, तिला काचेतले. तू निवांत मोटारी बघ, आम्ही तुझ्या पायात पायात नको."

त्यालाही हसू आलं. पेन घेऊन त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं: मंगळवार, सकाळी दहा. मी मोटारी, बायका मासे.

मत्स्यालयाला मागे एक दरवाजा आहे. भावजयीची शाळेतली मैत्रीण त्याच शहरात नर्स आहे. ती तिथे साडेदहाला टॅक्सी घेऊन थांबणार होती. एक खोली बघून ठेवली होती, मुंगीसाठी शाळा बघून ठेवली होती. खोलीत खाटा तीन. तिसरी माझी.

प्रश्न कागदांचा होता. शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, भावजयीची प्रमाणपत्रं, एवढं तरी न्यायलाच हवं. मी बॅगेच्या तळाचं अस्तर उसवलं, कागद अंथरले, कडेने तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा कापून बसवला आणि अस्तर पुन्हा शिवलं. मग बॅग खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी धरून बघितली. रंग मारलेला दरवाजा बघते तशी. कुठे लाट नाही, उंचवटा नाही. स्वतःवर खूश झाले.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी पेंटर, मी डोळ्याने तपासलं. भाऊ डेंटर आहे, तो डोळे मिटून तळव्याने तपासतो. ज्या पत्र्यावर मला काही दिसत नाही, तिथे त्याच्या उजव्या तळव्याला केसाएवढा खड्डा लागतो. चौदा वर्षं शेजारी उभी राहून मी हे रोज बघत होते, आणि नेमकं तेच विसरले.

रविवारी दोनची बस होती. साडेबाराला त्याने बॅगा गॅरेजमध्ये आणल्या, लोखंडी टेबलावर एकेक ठेवल्या. "माझी इस्त्री मोडू नका कुणी," म्हणत स्वतःचे शर्ट आमच्या बॅगेत घालण्यासाठी त्याने आतले कपडे बाहेर काढले आणि तळाशी हात फिरवला. सवयीने. डोळे मिटले गेले. हात पुढे गेला, मागे आला, एका जागी थांबला.

"इथे काहीतरी आहे."

पत्रा कापायच्या कात्रीने त्याने अस्तर टराटरा फाडलं. कागद बाहेर आले. त्याने ते टेबलावर पसरले आणि शांतपणे वाचले. त्याचा शांतपणाच वाईट.

"चार दिवसांच्या सहलीला शाळेचा दाखला?"

मुंगी पुढे झाली. तिला आमचा बेत ठाऊक नव्हता, पण बाप ठाऊक होता. "बाबा, तिथे लहान मुलांना अर्धं तिकीट असतं. वय दाखवावं लागतं."

"हुशार आहेस गं. आणि आईला? तिलाही अर्धं?"

त्याने डाव्या हाताने भावजयीचे केस धरले आणि तिचं डोकं समोरच्या पांढऱ्या गाडीच्या दरवाजावर आपटलं. पत्र्याचा आवाज मला माझ्या बंद कानातही ऐकू आला. पुन्हा आपटलं. मुंगीने त्याच्या मनगटाला चावा घेतला, त्याने लाथेने तिला टायरांवर उडवलं. भावजयीच्या कपाळातून रक्त डोळ्यात, डोळ्यातून तोंडात. ती ओरडत नव्हती, ओरडायची सवयच मोडली होती. तिला तशीच ओढत त्याने टेबलाशी आणली आणि स्वतःचा उजवा तळवा कागदांवर सपाट दाबून धरला. "वाच," तो म्हणाला. "मोठ्याने वाच, कुठे चालली होतीस."

या वेळी माझ्या हातात ब्रश नव्हता. त्याचीच हातोडी होती, बापाची.

मी त्या तळव्यावर मारली. खाली लोखंड, वर लोखंड. एक घाव त्याच्यासाठी, आणि तो ओरडायच्या आत दुसरा माझ्यासाठी. बोटांचा आवाज वाळक्या काटक्यांसारखा झाला. तो गुडघ्यांवर आला, तेव्हा मी त्याच्या खिशातून चावी काढली.

"चला, ताई," भावजय म्हणाली. एका डोळ्याने ती मला शोधत होती.

मी कागद बॅगेत कोंबले आणि फाटलेल्या तळाला मास्किंग टेपचे दोन वेढे मारले. दोन्ही कडा नीट दाबल्या. अशा वेळीही हात सवयीने काम करतात. चावी मुंगीच्या मुठीत दिली. "बाहेरून कुलूप लावा. चावी समोरच्या सलूनवाल्याकडे दे, पाच वाजता उघड म्हणावं. बस सुटेपर्यंत मागे बघायचं नाही."

"आणि आत्या तू?"

"कुणीतरी याच्याजवळ थांबायला हवं ना. नाहीतर हा शटर तोडून येईल."

भावजय माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला ढकललं. शटर खाली आलं, कुलपाचा आवाज आला, आणि गॅरेजमध्ये आम्ही दोघं भावंडं उरलो.

त्याला डावा हात होता, हे मी विसरले नव्हते. लोखंडी पट्टीने त्याने माझा खांदा फोडला, तोंडावर मारलं. माझे पुढचे दोन दात पडले, आपलेच दात. मी दोनदा हातोडी चालवली, एकदा चुकली, एकदा त्याच्या गुडघ्यावर बसली. त्याने शटरवर धडका दिल्या. गॅरेजमधून ठोकण्याचे आवाज येतातच, कुणी का थांबेल? मग तो थकला आणि पांढऱ्या गाडीला टेकून बसला. उजवा हात फुगून पावासारखा झाला होता.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले. बस सुटून अर्धा तास झाला होता. मला रडू फुटलं. भीतीचं नाही, सुटल्याचं.

"कुठे गेल्या?" त्याने विचारलं.

"सहलीला."

मग डावा तळवा त्याने मागे गाडीच्या दरवाजावर ठेवला, डोळे मिटले, हात फिरवला. पुन्हा फिरवला. लहानपणी बापापुढे चूक झाली की त्याचा चेहरा व्हायचा तसा झाला.

"ताई, या हाताला काहीच कळत नाही गं. बघ ना, दरवाजा चेपलाय का?"

मी उठले. तळवा ठेवला. तिच्या डोक्याएवढा खड्डा होता, कडेला रक्त वाळत होतं.

"चेपलाय."

"शुक्रवारी सकाळी मालक गाडी न्यायला येईल," तो म्हणाला. "पुट्टी लाव."

"नाही लावणार," मी म्हटलं, आणि हातोडी मांडीवर घेऊन पाच वाजायची वाट बघत बसले.