साक्षीला नेलेली सून

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची दुपार होती. मार्तंडरावांच्या ओसरीवर बायकांच्या चपलांची दाटी झाली होती आणि आत स्वयंपाकघरात गोपिका कैरी किसत होती. हरभऱ्याची डाळ तिनं सकाळीच वाटून ठेवली होती. फोडणी द्यायची, वाट्या भरायच्या आणि जावेच्या हाती द्यायच्या, एवढंच तिचं काम. नवरा गेल्यापासून अशा दिवशी ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. ओलांडू नको असं आता कोणी सांगतही नसे, कारण सांगायची गरज उरली नव्हती.

तिचा नवरा कोराडीला वीज केंद्राच्या बांधकामावर मुकादम होता. विषमज्वरानं तो गेला, तेव्हा मुलगी उत्तरा नुकती चालायला लागली होती. मार्तंडराव हे गोपिकेचे थोरले दीर, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी मायलेकींना मागच्या खोलीत ठेवून घेतलं आणि नातेवाइकांत त्यांचं नाव झालं. गोपिका पहाटेपासून घरात राबायची. दीर तिच्याशी कधी बोलत नसत. जे सांगायचं ते जावेच्या, सत्यवतीच्या, तोंडून येई.

बाहेरच्या खोलीत त्या दिवशी एकच विषय होता. नागपुरातल्या या वसाहतीच्या, रेवती ले-आउटच्या, मागे पिंजाऱ्यांची आणि हातठेलेवाल्यांची वस्ती होती. त्या लोकांनी वर्गणी काढून ले-आउटच्या कोपऱ्यावरचा प्लॉट रीतसर विकत घेतला होता आणि मशीद बांधायला महापालिकेकडे परवानगी मागितली होती. सर्वांत जवळची मशीदही लांब पडे, म्हाताऱ्यांना नागपूरच्या उन्हात तेवढं चालवत नसे. बायका म्हणत होत्या की आता पोरींना कोपऱ्यावरून जाता येणार नाही. निवृत्त मुख्याध्यापिका इंदुताई तेवढ्या म्हणाल्या की देवाचं नाव घ्यायला त्यांनाही जागा लागते. बायका वाटीतली डाळ चिवडू लागल्या. मग इंदुताईंनीच विषय बदलून डाळ फार छान झाल्याचं सत्यवतीला सांगितलं. सत्यवतीनं हसून ते आपल्याकडे घेतलं. आत गोपिकेनं पुढची वाटी भरली.

पुढच्या रविवारी मार्तंडरावांच्या अंगणात पुरुषांची बैठक झाली. चहा गोपिकेनंच केला, आणि खिडकीतून सगळं तिच्या कानावर येत होतं. एकाचं म्हणणं होतं की बांगेनं झोपमोड होईल, दुसऱ्याला प्लॉटचे भाव पडण्याची काळजी होती. बायकांतून एकट्या इंदुताई आल्या होत्या; त्या उभ्या राहिल्या आणि गणपतीत आपण लाउडस्पीकर लावतो तेव्हा त्या लोकांनी कधी तक्रार केली का, असं विचारू लागल्या. चार जणांनी त्यांना मधेच थांबवलं, तशा त्या तिथून घरी गेल्या. मग वामनराव वकिलांनी खरी गोष्ट सांगितली. प्लॉट कायदेशीर होता, आवाजाची तक्रार टिकणार नव्हती. पण त्या वस्तीतल्या माणसानं आपल्या एखाद्या बाईची छेड काढली, असं त्या बाईनं स्वतः महापालिकेच्या चौकशीत अधिकाऱ्यासमोर सांगितलं, तर गोष्ट वेगळी.

 असं घडलेलं कोणाच्याच ऐकिवात नव्हतं. पण त्याबद्दल कोणी हरकत घेतली नाही. प्रश्न एवढाच उरला, की बाई कोणाची. प्रत्येकाच्या घरात बायको होती, बहीण होती, लग्नाची मुलगी होती. उद्या तिच्याकडे लोक कोणत्या नजरेनं बघतील, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक जण खाली बघत बसला. शेवटी मार्तंडराव म्हणाले की त्यांच्या घरातून व्यवस्था होईल.

दुसऱ्या दिवशी गोपिकेला नवं लुगडं मिळालं. जेवताना सत्यवतीनं तिला आपल्या शेजारी पाट मांडून बसवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या ताटात कोणीतरी दुसऱ्यानं वाढलं, आणि आनंद होण्याऐवजी पुढं काय येतं त्याची वाट बघत ती जेवली. जेवण झाल्यावर मार्तंडरावांनी तिला समोर बोलावलं. आवाज मऊ होता. पिठाच्या गिरणीकडून येताना वस्तीतल्या एका पोरानं तिचा पदर ओढला, एवढंच सांगायचं होतं. पोराचं नावही ठरलं होतं. करामत पिंजाऱ्याचा मुनीर.

"मी त्याले ओळखतही नाई," गोपिका म्हणाली.

ओळखायची गरज नाही, तक्रारीवरून त्याला बोलावतील, चौकशीत तो समोरच उभा असेल, असं मार्तंडराव म्हणाले. साऱ्या ले-आउटच्या लेकीसुनांचं भलं तिच्या एका शब्दावर आहे, हेही सांगितलं. ती हो म्हणेना, तेव्हा आवाजातला मऊपणा गेला. उत्तराची शाळा, अंगावरचे कपडे, डोक्यावरचं छप्पर, हे सगळं कोण करतं याचा तिनं विचार करावा. जमत नसेल तर खाप्याला भावाकडे जायला वाट मोकळी आहे.

खाप्याच्या भावानं दिवाळीला ओवाळणी देतानाच सांगून टाकलं होतं की त्याचीच पाच तोंडं आहेत. मार्तंडरावांना ते माहीत होतं.

मशिदीच्या बाजूनं गोपिकेचं काही म्हणणं होतं, असं नाही. खरं तर त्या कोपऱ्यावरून जाताना तीही पदर सावरून भरभर चालायची, कारण लहानपणापासून तसंच ऐकलेलं होतं. त्या लोकांनी तिचं कधी भलं केलं नव्हतं, आणि वाईटही नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. भांडी घासताना तिनं जावेला विचारलं.

"बाई, यायनं मलेच काहून निवडलं? तुमी काहून नाई सांगत?"

सत्यवतीचे हात थांबले. "काय बोलतं वं? मी सवाष्ण आहो," ती म्हणाली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं आणि ती भांडं तसंच टाकून आत निघून गेली.

गोपिका राखेत हात घालून तशीच बसून राहिली. हळदीकुंकवाला जिला पुढं येऊ देत नाहीत, तिला चारचौघांत उभं करून पदर ओढल्याचं सांगायला लावायचं. कारण तिचं आता काही बिघडणार नाही, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. तिला वाटलं, आपण या घरात राहतो हे खरं, पण माणूस म्हणून आपल्याला या लोकांनी कधीच बाहेर काढलेलं आहे. आणि उत्तरा? उद्या ती याच आईची मुलगी म्हणून मोठी होणार होती. खोटं बोललं तर लेकीच्या कपाळी हा डाग लागणार, नाही बोललं तर दोघी रस्त्यावर. गोपिकेनं चारी बाजूंनी विचार करून पाहिला. वाट कुठंच नव्हती.

चौकशीच्या दिवशी महापालिकेच्या कचेरीतली खोली माणसांनी भरली होती. एका बाजूला ले-आउटची मंडळी, दुसऱ्या बाजूला वस्तीतली. इंदुताईही आल्या होत्या. आरोपाची गोष्ट त्यांना तिथंच कळली, आणि त्यांचा चेहरा पडला. मुनीर भिंतीला लागून उभा होता, विशीचा, मिसरूड फुटलेला. शेजारी त्याचा म्हातारा बाप धुतलेली टोपी घालून हात जोडून उभा होता. कोणासमोर जोडायचे ते न कळून त्याचे हात इकडून तिकडे वळत होते.

अधिकाऱ्यांनी गोपिकेला पुढं बोलावलं. काय घडलं ते न घाबरता सांगा, म्हणाले. मार्तंडराव तिच्या मागंच उभे होते. तिला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"मले कोणी हात लावला नाई," ती म्हणाली. आवाज इतका हलका होता की अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. मग ती मोठ्यानं बोलली. "या पोराले मी आज पहिल्यांदा पाहून राहिली. मले सांगाले लावलं होतं. मले नवरा नाई, म्हणून मले आणलं. यायच्यापैकी कोणी आपली बायको आणली असती, तर मीबी बोलली असती."

वामनराव वकील कागद गोळा करू लागले. करामत पिंजाऱ्यानं जोडलेले हात सोडले आणि मुनीरचा दंड धरला. मार्तंडराव तडक बाहेर पडले.

ती घरी पोचली तेव्हा तिची पेटी ओसरीवर होती आणि उत्तरा पेटीवर बसून रडत होती. दार आतून लावलेलं होतं. दाराआड सत्यवतीच्या बांगड्या वाजल्या, पण कडी निघाली नाही.

इंदुताई मागोमाग आल्या. त्यांनी पेटीला हात घातला आणि माझ्याकडे चल म्हणाल्या. गोपिका जागची हलली नाही.

"तुमच्याकडं कोणच्या खोलीत ठेवान? मागच्याच ना?" तिनं विचारलं.

इंदुताई स्त्रियांच्या हक्कांवर व्याख्यानं देत असत. या घरात त्या कितीदा जेवल्या होत्या, आणि रांधणारी कुठं आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी पेटीवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "समोरच्या." आणि त्यांनी ते पाळलं. गोपिकेला त्यांनी मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळवून दिलं, उत्तराची शाळा चालू ठेवली. ले-आउटमधल्या बायकांनी त्यांच्याकडे जाणं-येणं टाकलं, तेही त्यांनी सोसलं.

महापालिकेनं परवानगी दिली. पण ले-आउटची मंडळी न्यायालयात गेली आणि बांधकाम वर्षानुवर्षं अडकलं. आजही तिथं ताडपत्रीखाली म्हातारी माणसं नमाज पढतात. ज्यांनी खोटी साक्ष रचली त्यांना कोणी जाब विचारला नाही. ती चांगल्या घरची माणसं आहेत, तुमच्या-आमच्यासारखी. उलट बोलणं असं पसरलं, की काहीतरी घडलंच असेल, नाहीतर ती बाई त्या लोकांची बाजू कशाला घेईल?

ते बोलणं शाळेतही पोचलं. एके संध्याकाळी उत्तरा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आली आणि आईच्या मागे उभी राहिली. गोपिका पोळ्या लाटत होती.

"आई, खरंच काही झालं होतं का वं?"

गोपिकेच्या हातातलं लाटणं थांबलं. साऱ्या गावाचा प्रश्न आता पोटच्या पोरीच्या तोंडून आला होता. तिनं पिठाचे हात पुसले आणि मुलीला समोर ओढून बसवलं.

"काही झालं नाई," ती म्हणाली. "आनं झालं असतं, तर मीच सांगितलं असतं. कोणी सांग म्हणायची वाट पाहिली नसती."