पक्का थर

खुलताबादजवळच्या वस्तीचा रस्ता नव्यानं होत होता. जागची माती, तीत सिमेंट मिसळून दाबलेली. डांबर अजून यायचं होतं. थर पक्का झाला की नाही हे तपासायचं काम ऋतुराजचं. त्याच्या यंत्राला काही खोदावं-फोडावं लागत नसे. दोन चकत्या जमिनीला टेकवल्या की एकीतून निघालेली लहर दुसरीपर्यंत किती लवकर पोचते ते दिसे. लहर चपळ, तर थर घट्ट.

आदल्या दिवशी कुणी कच्च्या थरावर ट्रॅक्टर घातला, म्हणून मोठ्या साहेबांनी ऋतुराजला मजुरांसमोर झाडलं होतं. तो राग गिळून दुपारी रस्त्याला आडवा दोर ताणून ऋतुराज बसला असताना वस्तीवरच्या मजीदची जीप आली. मागं त्याची बायको शाइस्ता कण्हत होती, आई अनवरी तिला धरून.

"साहेब, दोर सोडा. बाळंतपणाची वेळ झालीय."

"थर कच्चा आहे. उद्या या."

"उद्या?" मजीद खाली उतरला. "मशीन लावून तर बघा. पक्का असंल तर जाऊ द्या."

यंत्र खुर्चीखालीच होतं. लावायला कितीसा वेळ! पण वस्तीवरच्या माणसानं आपल्याला काम सांगावं, हे ऋतुराजला झोंबलं.

"साहेब आल्याबिगर लावत नाय. रानातून घाल."

अनवरीनं हात जोडले. "बेटा, तेरी भी माँ होगी."

त्यानं मोबाइल काढला आणि तोंड फिरवलं.

रान नुकतंच भिजवलेलं. काळ्या मातीत चाकं रुतली ती रुतलीच. आधी इंजिन ओरडलं, मग शाइस्ता. ऋतुराज एकदा उठलाही. पण आता दोर सोडला, तर मघाशी का नाही सोडला असं विचारतील. तो परत बसला.

मूल तिथंच झालं. रडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांनी यंत्र लावून आकडे बघितले. "हा तर कालच पक्का झालेला दिसतोय! पण एक चाक फिरू दिलं नाहीस. शाबास." आणि गाडीत बसून ते गेले.

थोड्या वेळानं मजीद चालत आला. डोळे सुजलेले.

"साहेब, खरं सांगा. काल जीप गेली असती का?"

"काल कच्चाच होता," ऋतुराज म्हणाला. "मधीच रुतली असती."

मजीदनं मान हलवली. "मग दाईलाच घरी आणायला पाहिजे होतं. माझंच चुकलं."

"व्हय," ऋतुराज म्हणाला.