रस्त्याकडची रांग

लेक आली ती आधी झाडांकडेच गेली. मी दारात चहाचा कप धरून ताटकळत उभा, आणि ही बाई पिशवीतून करवत काढतेय! कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती पॉपलरचा लगदा तपासते. मालकाची ही पॉपलरची लागवड मी राखतो, एकटाच. सोबतीला झाडं आहेत, पण बोलायचं म्हटलं की सगळं मलाच बोलावं लागतं.

पडलेल्या एका वाकड्या खोडाची चकती कापून तिनं माझ्या हातात दिली. एका बाजूचं लाकूड जुन्या टॉवेलासारखं तंतू सुटून केसाळ झालं होतं.

"बाबा, वाऱ्यानं कललेल्या झाडात असंच लाकूड धरतं. याचे तंतू एकमेकांना नीट धरत नाहीत, कागद कच्चा निघतो. दाट रांगेतली इतकी झाडं एकदम का काढलीत? विरळणी बेताबेतानं करायची, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"कीड लागली होती."

"कीड अशी सरळ रेघ ओढत रस्त्यापर्यंत गेली?"

पोरगी माझ्यावरच गेलीय!

आत येऊन ती खिडकीपाशी माझ्या खुर्चीत बसली. समोर झाडांमधली फट, फटीतून रस्त्याचं वळण, वळणावर बसचा थांबा. तिचा कप हातातच राहिला.

"रोज इथे बसता?"

"गुडघे दुखतात, म्हणून."

"फोन का नाही करत?"

"तू कामात असतेस."

खरं तर तिची आठवण इतकी येते की जेवण जात नाही.

"फटीत दाट कलमं लावू," ती खाली बघत म्हणाली. "वारा अडला नाही तर उरलेली झाडंही कलतील. मग कारखाना इथला माल घ्यायचा नाही, आणि मालक तुम्हाला ठेवायचा नाही."

दिवसभर खपून आम्ही दोघांनी गुडघाभर कलमांनी फट भरली. संध्याकाळी ती निघाली. वळणावर थांबली, मागे वळली आणि माझ्या खिडकीकडे बघून हात हलवला. याआधी तिनं तसं कधी केलं नव्हतं. इथून कुणी बघत असतं, हे तिला ठाऊकच कुठे होतं?

खुर्चीतून बघितलं तर कलमांचे शेंडे आता खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत आलेत; अजून थोडे वाढले की बसचा थांबा झाकला जाईल. पॉपलर भराभर वाढतं, याचं मला जन्मभर कौतुक. हल्ली त्या रांगेला पाणी घालताना मात्र हात आखडतो.