जपानी डबा, घरचा डबा

प्रदीप म्हात्रेच्या घरी, वरसे गावात, जेवणाच्या टेबलावर दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले होते आणि त्यांतला कोणता सरस, यावर प्रदीपची पुढची नोकरी ठरायची होती. एक डबा जपानी: चपटा, काळा, योकोहामाच्या दुकानातून हेडफोनासोबत विकत घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर. दुसरा घरचा, प्रदीपनं स्वतः बनवलेला: पत्र्याची पेटी, तिच्या डोक्यावर जुन्या रेडिओत असत तसे चार काचेचे व्हॉल्व्ह, आणि पेटीच्या कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या. त्या घासण्यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती. "माझ्या साडीचा एक धागा जरी ओढला गेला, तरी हे प्रकरण कुंडलिका नदीत जाईल," असं त्याच्या बायकोनं, वनितानं, पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

प्रदीप अनेक वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होता. नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत जगभरच्या जहाजांचा दळणवळणाचा कारभार उपग्रहांकडे गेला, आणि मोर्सची किल्ली बडवणाऱ्या माणसाची गरज संपली. जहाज कंपनीनं त्याला निरोप दिला. धाटावच्या एका रासायनिक कारखान्यानं मापनयंत्रांच्या विभागात जागा देऊ केली होती. होय की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. प्रदीपला होय म्हणायचं नव्हतं. घरच्या डब्यासारखे डबे बनवून मुंबई-पुण्याच्या शौकिनांना विकायचे, हा त्याचा बेत. वनिताला बेत मान्य नव्हता, पण ती अडूनही बसली नव्हती. तिनं अट घातली होती: तिघा जाणत्या माणसांनी न बघता ऐकावं. तिघांनीही घरचा डबा निवडला, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. नाहीतर सोमवारी धाटाव.

ही परीक्षा घ्यायला दोघांनाही एकच नाव पटलं. प्रदीपची धाकटी बहीण नमिता पेणच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती, आणि ती कुणाच्याच बाजूची नाही याची सगळ्या नातेवाइकांना खात्री होती. पंच्याण्णव साली गणपती दूध पितो म्हणून सारा देश रांगेत उभा होता, तेव्हा पेणमधल्या एका कारखान्यातल्या न रंगवलेल्या मूर्तीला तिनं चमच्यानं दूध पाजलं, आणि मग तितकंच दूध तितक्याच सुखानं एका वरवंट्याला पाजून दाखवलं. मूर्तिकार हसला होता. वरवंट्याची मालकीण मात्र तिच्याशी बरेच दिवस बोलत नव्हती.

शनिवारी दुपारी नमिता एसटीनं वडखळ, नागोठणे करत रोह्याला उतरली आणि चालत वरसे गावात आली.

"नमू, आधी नुसतं ऐक," प्रदीप म्हणाला.

"मी ऐकून काय होणार? मला तुझा डबा कोणता ते माहीत आहे. माझे कान बाद."

हा हेडफोन साधा नव्हता. साध्या हेडफोनात लोहचुंबक असतं आणि तारेचं वेटोळं असतं. यात दोन जाळीदार धातूच्या पट्ट्यांच्या मध्ये, केसाहून कितीतरी पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला. पडद्यावर शेकडो व्होल्टचा स्थिर दाब कायम ठेवायचा, पट्ट्यांना गाण्याचा बदलता दाब द्यायचा, म्हणजे पडदा दोन पट्ट्यांत मागंपुढं ओढला जातो आणि आवाज होतो. साधा अ‍ॅम्प्लिफायर यापुढे हतबल. हे काम करणारे अ‍ॅम्प्लिफायर जगात मोजकेच लोक बनवत, आणि त्यांच्याविषयी छापून येणारी वर्णनं नमिताला अत्तराच्या जाहिरातीसारखी वाटत. कुणाचा आवाज मखमली, कुणाचा रेशमी. मखमलीचं एकक काय, हे कुणी लिहीत नसे.

तिची पद्धत साधी होती. जरा मोठा आवाज माणसाला मोठा न वाटता अधिक चांगला वाटतो, हे जुनं आणि पक्कं निरीक्षण. म्हणून तिनं दोन्ही डब्यांतून एकच सूर सोडला, पट्ट्यांवर पोचणारा दाब पेणहून आणलेल्या मीटरनं मोजला आणि दोन्हीकडचा आवाज काटेकोर जुळवला. डब्यांपुढे चादर बांधली. कुठला डबा आधी ऐकवायचा, ते प्रत्येक वेळी नाणं उडवून ठरणार होतं. नाणं ती स्वतः उडवणार आणि हेडफोनचा प्लगही तीच बदलणार. प्रदीपनं मात्र परसात, आंब्याखाली बसायचं.

"माझ्याच घरात मला बाहेर?"

"तुझा चेहरा बोलतो, दादा. तो मोजता येत नाही."

ऐकणारे तिघं गावच्या भजन मंडळातले. गुणाजी बुवा पुढं गाणारे, जगन पखवाजवाला, आणि जगनची बायको इंदुबाई, जिचा कान बायकांच्या मंडळात शेवटचा शब्द समजला जाई. तिघं सातच्या सुमारास आले. दिवेलागणीची वेळ होती, खोलीतला बल्ब लावलेला होता. बुवांनी टोपी सारखी केली आणि कुणी काही म्हणायच्या आत खुर्चीत जाऊन बसले.

"बुवा, तुम्ही शेवटी," नमिता म्हणाली.

जगननं बायकोकडं पाहिलं.

"ताई, असं नाय चालत," तो म्हणाला. "बुवांच्या आधी आमी कसं बसणार?"

"बुवा आधी बसले, तर तुम्ही दोघं काय सांगाल?"

"बुवा सांगतील तेच की."

"म्हणूनच."

भजनाची रीतच तशी होती. बुवांनी ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. बुवांची ओळ सोडून दुसरीच उचलणारा माणूस त्या मंडळात आजवर निपजला नव्हता. नमिताला हे ठाऊक होतं. तिचे वडील तीस वर्षं अशाच एका मंडळात टाळ वाजवत.

बुवांचा चेहरा उतरला होता. तोड इंदुबाईंनी काढली. "अहो बुवा, लगनात नवरदेव सगल्यांच्या शेवटी येतो. तवा काय त्याचा मान जातो व्हय?"

"नवरदेव!" जगन म्हणाला. "दात मोजा आधी."

"तुजे मोज," बुवा म्हणाले, पण हसले, उठले आणि ओसरीवर जाऊन बसले. नमितानं दार लावून घेतलं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही, याची तिनं व्यवस्था केली.

ऐकवायला एक बाई आणि तंबोरा असलेली तबकडी होती, आणि एक नुसत्या पखवाजाची. प्रत्येकानं अनेक फेऱ्या ऐकल्या. प्रत्येक फेरीत पहिला बरा की दुसरा, एवढंच सांगायचं. जगननं डोळे मिटून, मांडीवर बोटं चालवत उत्तरं दिली. इंदुबाई मध्येच म्हणाली, "गो ताई, ही बाय माज्या डोक्यात बसून गाते." बुवांनी शेवटी ऐकलं आणि प्रत्येक उत्तराआधी खाकरले.

नमितानं आकडे मांडले, तेव्हा तिला आश्चर्य वाटलं आणि ते तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. जवळजवळ प्रत्येक फेरीत तिघांनीही घरचा डबा निवडला होता. इतकी उत्तरं नाण्याच्या जोरावर एका बाजूला पडत नाहीत.

प्रदीपला परसातून बोलावलं. नमितानं निकाल सांगितला. टेबलावरच्या पत्र्यावर त्यानं तळहात ठेवला, व्हॉल्व्हच्या उबेजवळ. वनितानं सगळ्यांना चहा दिला. शब्द दिला होता, त्यामुळे तिनं तोंड उघडलं नाही. पाहुणे गेले. बुवा रोह्यात दुसऱ्या मंडळाचं भजन होतं तिकडं निघाले, जगन आणि इंदुबाई शेजारीच, आपल्या घरी.

वनिता कपबशा घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिनं ट्यूबलाइटचं बटण दाबलं. नळीची दोन्ही टोकं तांबडी झाली, थरथरली, पण उजेड पडला नाही.

"वहिनी, नळी गेली वाटतं."

"नाही हो ताई. आता उन्हाळ्याची रोजची रड. गावभर पंखे, पंप, वर कारखाने. साडेआठ-नऊपर्यंत वीज अशी मेलेलीच. मग आपोआप लागते."

नमितानं मागं वळून खोलीतल्या बल्बकडं पाहिलं. तो पिवळट जळत होता, सगळी संध्याकाळ तसाच जळत होता, आणि रोजच तसा जळत असल्यामुळे त्याच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पेणला तिच्या घरीही एप्रिलात असाच जळे.

तिनं माणसांवर अविश्वास दाखवला होता: बुवांवर, भावावर, स्वतःच्या कानांवरही. भिंतीतल्या विजेच्या भोकांवर मात्र तिनं आंधळा विश्वास टाकला होता.

"दादा, पट्ट्यांवरचा दाब मी मोजला. पडद्यावरचा कुणी मोजलाय?"

प्रदीपनं खणातून स्वतःचा मीटर काढला, जास्त दाब मोजायला लागणारा लांब दांडीचा काटा त्याला जोडला आणि चादर बाजूला केली. घरच्या डब्याचा पडद्यावरचा दाब जितका हवा तितकाच होता, कारण जहाजावरच्या लहरी जनरेटरांसोबत आयुष्य काढलेल्या माणसानं तो, वीज कमी-जास्त झाली तरी हलू नये असा, आतूनच बांधून टाकला होता. जपानी डबा शंभर व्होल्टच्या देशात जन्मला होता. तो इथं एका ट्रान्सफॉर्मरवर चाले, आणि तो ट्रान्सफॉर्मर आपल्याला मिळेल त्याच्या प्रमाणात पुढं देई. त्याच्या पडद्यावर हव्या त्या दाबाच्या तीन चतुर्थांश दाब होता. पट्ट्यांवर तेवढंच गाणं पोचत होतं, पण पडदा त्याला कमी जोरानं दाद देत होता. आवाज किंचित लहान. मोठा-लहान म्हणून कळू नये आणि गोड-फिका म्हणून हमखास कळावा, नेमका इतकाच लहान.

"म्हणजे माझा सरस आहे," प्रदीप म्हणाला.

"या विजेवर, हो. निर्विवाद."

"मग झालं की."

"कुणाला विकणार? ज्याच्याकडं असला हेडफोन आहे, त्याच्याकडं वीज नीट आहे किंवा स्टॅबिलायझर आहे. आणि ज्याची वीज अशी आहे, त्याच्याकडं हा हेडफोन नाही. दोन्ही एकदम असलेलं गिऱ्हाईक मला एकच माहीत आहे, आणि ते इथं उभं आहे."

वनिता दारात येऊन थांबली होती. प्रदीपनं मीटर बंद केला.

"बल्ब मला दिसला होता, नमू. तू सूर जुळवत होतीस तेव्हाच. माझा मीटर खणात होता. काढावासा वाटला नाही."

नमिताकडं म्हणण्यासारखं पुष्कळ होतं, पण भौतिकशास्त्रातलं त्यात काही नव्हतं.

"फ्रिजचा स्टॅबिलायझर काढू का?" त्यानंच विचारलं.

"कोळंबी आहे आत," वनिता म्हणाली. मग म्हणाली, "काढा."

जगन-इंदुबाईंना पुन्हा हाक मारली. "परत?" इंदुबाई कुंपणावरूनच ओरडली. "आता कान धुऊन येऊ काय?" पण आली. दोन्ही डबे स्टॅबिलायझरवर लावले, पडद्यांचे दाब जुळले, पट्ट्यांचे जुळले. बुवा नव्हते, त्यांच्या खुर्चीत प्रदीप बसला. आपला आवाज आपण झोपेतही ओळखू, असं तो गेले दोन महिने म्हणत होता.

जगनची उत्तरं इकडं निम्मी, तिकडं निम्मी आली. इंदुबाई तिसऱ्या फेरीलाच म्हणाली, "ताई, तू मला तोच तोच डबा ऐकवतेस. माजी थट्टा करतेस तू." प्रदीपनं सगळ्यांत जास्त वेळ घेतला. प्रत्येक फेरीला तो मागं जाऊन पुन्हा ऐकवायला सांगे, पुन्हा ऐके, आणि ठामपणे उत्तर देई. नमितानं आकडे मांडून कागद त्याच्यापुढं सरकवला. स्वतःचा डबा त्यानं नाण्याइतपतच ओळखला होता.

त्यानं कागद दोनदा वाचला.

"म्हणजे फरकच नाही."

"फरक नाही असं सिद्ध झालेलं नाही. आम्हाला सापडला नाही, एवढंच. दुसरे कान, दुसरी तबकडी, कदाचित सापडेल." मग, ही सवलत नसून निष्कर्षच आहे याची मनाशी खात्री करून म्हणाली, "पण दादा, त्या कंपनीनं जे केलं ते तू या टेबलावर केलंस. त्यापेक्षा कमी नाही. हे मी लिहून देईन."

"आणि त्यापेक्षा जास्तही नाही."

"नाही."

"तेवढ्यासाठी मुंबईचा माणूस पत्र्याची पेटी कशाला घेईल? जपानी नावच घेईल." हे तो कडवटपणे म्हणाला नाही. वायर कुठं तुटली ते सापडल्यावर माणूस बोलतो, तसं म्हणाला. "वनिता, सोमवारी किती वाजता जायचं म्हणाले होते?"

"नऊ."

"जनरल शिफ्ट मागतो. रात्रपाळ्या जहाजावर पुष्कळ झाल्या." मग त्यानं दोन्ही डब्यांकडं पाहिलं. "दोन्ही सारखेच, तर एक जास्तीचा झाला."

"जास्तीचा कोणता पण?" जगननं विचारलं.

"ज्याला गिऱ्हाईक मिळेल तो."

त्यानं जपानी डब्याचा प्लग काढला आणि वनितानं टेबलाची ती बाजू ओल्या फडक्यानं पुसून घेतली.

जूनमध्ये तो जपानी डबा पुण्याच्या एका दंतवैद्यानं नेला. तोवर प्रदीप धाटावला रुळला होता. एका रविवारी त्यानं पेणला फोन करून नमिताला सांगितलं, की दंतवैद्य बेहद्द खूश आहे. त्याच्या जुन्या डब्याच्या आणि या डब्याच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे म्हणे.

"दोन्हींचे आवाज जुळवून घेतले होते का त्यांनी?"

"विचारलं नाही," प्रदीप म्हणाला. "मी म्हटलं, असणारच फरक, डॉक्टर."