बिडीच्या कागदाएवढी फट

मी एक पितळेची सळई. हातभर लांब, करंगळीहून बारीक. भंडाऱ्यात माझ्या बहिणींचे हंडे-गुंड झाले. माझ्या नशिबी बंदुकीची नळी आली. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी टेकचंद मिस्त्रींनी मला घासून सरळ केलं. परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. पितळ मऊ, नळीला ओरखडा पडत नाही, म्हणून माझी निवड झाली.

रायफलीचा धक्का खांद्याला कमी बसावा म्हणून नळीच्या तोंडावर एक भोकाभोकांचा तुकडा बसवतात. त्याला मझल ब्रेक म्हणतात. लोक त्याची चकाकी बघूनच खूश व्हायचे.

"चकाकते तं गुंडही," मिस्त्री म्हणायचे. "आतून पाहा ना!"

मग ते मला नळीत सरकवायचे. माझं टोक ब्रेकमधून बाहेर यायचं आणि माझ्याभोवतीच्या फटीत बिडीच्या बंडलाचा कागद फिरवायचा. सगळीकडून सारखा फिरला तर काम चोख. अडकला तर भोक एका अंगाला सरकलेलं, म्हणजे गोळीही तिथंच घासणार. कागद मिस्त्री स्वतः कधीच फिरवत नसत. ज्याची बंदूक, त्यानंच फिरवायचा. मिरवत आणलेल्या किती कामांना त्या चिटोऱ्यानं पाणी पाजलं! खरं सांगते, मला त्याचा गर्व होता.

एका कार्तिकात कोंढ्याच्या रुखमिणीबाई आल्या. नवरा गेल्यावर परवाना त्यांच्या नावावर झाला होता. तळ्याखालचं धान पिकलेलं, त्यात रानडुकरं शिरत होती.

"खांदा काळानिळा झाला, भाऊ. बार काढताना डोळेच मिटून जातात. कोणाले लागलं तं?"

मिस्त्रींनी तीन दिवस खपून स्वतःच्या हातानं लेथवर ब्रेक कातला. चौथ्या दिवशी बाईंनी कागद फिरवायला घेतला. अर्ध्यावर तो थांबला.

"इथं अडकून राह्यला, भाऊ."

मी ब्रेकला टेकले होते. वाटलं, आपणच जरासं वाकावं. पण मिस्त्रींनीच तर मला सरळ केलं होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. कागद दुमडला असेल म्हणाले असते, तरी बाईंना पटलं असतं. मिस्त्रींनी ब्रेक उतरवून हातात घेतला.

"कागद बरोबर हाय, बाई. मायंच काम चुकलं. माये डोळे गेले."

रुखमिणीबाई जागच्या हलल्या नाहीत. दारात मिस्त्रींची लेक करुणा उभी होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिले डोळे हायेत ना? तुमी सांगा, ते करन. मी बसून राहीन."

बाप सांगत गेला, लेक कातत गेली. संध्याकाळच्या एसटीआधी कागद गरगर फिरला.

चुकलेला तुकडा मिस्त्रींनी फेकला नाही. जुन्या नळीच्या तुकड्यावर बसवून दुकानात समोरच ठेवला. कुणी विचारलं की सांगायचे, "हा माया हातचा."

आता मिस्त्री नाहीत, दुकानही नाही. त्यांचा तो हात फार आठवतो. दसऱ्याला करुणा मला झेंडू वाहते, त्या तुकड्यात सरकवते आणि कागद फिरवते. तो तिथंच अडकतो.

एवढंच मागणं आहे. काळी पडले म्हणून मला चिंचेनं घासू नका. घासून घासून मी झिजेन, मग एखाद्या दसऱ्याला तो कागद न अडकता फिरेल, आणि माझे मिस्त्री खोटे ठरतील.