पदरात बांधलेल्या गोळ्या

छायाचं रक्त वाढवायचं, या एकाच कामाला गेले दोन महिने अख्खं घर जुंपलं होतं. घर म्हणजे खरं तर एकटी सून. छायाचा नवरा संतोष आणि मुलगा कुंदन यांचा हातभार एवढाच, की जेवताना छायाच्या ताटाकडे बघून "आज पण बीट?" असं विचारायचं आणि आपल्या ताटात ते नाही म्हणून खूश व्हायचं.

सून भाग्यश्री इगतपुरीची, रेल्वे कॉलनीत वाढलेली. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. मखमलाबादच्या पुढे यांचा शेवंती-झेंडूचा मळा. तिथे आल्यावर खुरपं धरायला शिकण्याआधी ती सासूची पापणी ओढून बघायला शिकली. श्रावणात दवाखान्यातल्या मॅडमनी छायाची नखं पाहिली, बोटातून थेंबभर रक्त घेतलं आणि म्हणाल्या, "रक्त फार कमी दिसतंय. लोह कमी पडत असणार. दोन महिने गोळ्या घ्या, खाणं सांभाळा, मग पुढच्या तपासण्या बघू." झालं. 'सांभाळा' हा शब्द भाग्यश्रीनं असा काही मनावर घेतला की विचारू नका. लोखंडी कढई आली. शेवग्याचा पाला आला, नाचणीची भाकरी आली, अळिवाचे लाडू आले. प्रत्येक भाजीवर लिंबू. जेवणानंतर तासभर चहा बंद. आणि दुपारी एक लाल गोळी, तळहातावर ठेवून, सोबत पाण्याचा तांब्या.

छाया सगळं खायची. चव लागत नव्हती, तरी खायची. आताशा तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. हार ओवताना सुई बोटात घुसली, तर ती आधी फुलाला डाग लागला का बघायची, मग बोट. कुंदननं सांगितलं, यंदा दसऱ्याला झेंडू चांगला निघणार. ती म्हणाली, "बरं." बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. "बरं." शेजारच्या घरात काहीतरी चाललंय आणि आपण ओट्यावर बसून नुसतं ऐकतोय, तसे तिचे दिवस जात होते.

गोळी मात्र तिला जात नव्हती. पहिला महिना तिनं गिळली. पोटात मळमळ, तोंडाला गंजका विळा चाटल्यासारखी चव, आणि सकाळी संडासात बसून बसून पायाला मुंग्या. मग एका दुपारी तिनं गोळी गालात धरली, वरून पाणी प्यायली आणि भाग्यश्रीची पाठ वळल्यावर पदराच्या टोकाला बांधली. संध्याकाळी शेवंतीच्या वाफ्यात पुरली. दुसऱ्या दिवशीही तेच. सांगायचं होतं, नाही असं नाही. पण भाग्यश्री बारा वर्षांची असताना तिची आई गेली होती. "तिचं पण रक्तच कमी होतं. कुणी लक्षच दिलं नाही," असं तिनं एकदा लाडू वळता वळता सांगितलं होतं, आणि वर न बघता पुढचा लाडू वळायला घेतला होता. त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगणार?

गुडघ्याच्या गोळीचं तसं नव्हतं. ती छाया मेडिकलमधून स्वतःच आणायची आणि सकाळी फुलं तोडायला जाण्याआधी, रिकाम्या पोटी, चहाबरोबर घटकन गिळायची. दोन, आणि तोडा जास्त असला तर तीन. त्या गोळीला ना मळमळ, ना चव. तिच्या लेखी ती आजाराची गोळी नव्हतीच, कामाची होती. असल्या गोळीबद्दल डॉक्टरला सांगायचं असतं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दसरा दहा दिवसांवर आला तेव्हा दोघी पुन्हा मॅडमकडे गेल्या. मॅडमनी वजन केलं, पापणी पाहिली आणि विचारलं, "संडासला काळं होतं का?"

"हो," छाया म्हणाली. होत होतंच. आठ दिवस झाले होते, डांबरासारखं काळं आणि चिकट.

"होऊ दे. लोहाच्या गोळीनं होतं तसं, घाबरायचं नाही." मॅडम कागदावर लिहिता लिहिता हसल्या. "गोळी न घेता झालं असतं, तर मात्र मी घाबरले असते. मग आत कुठेतरी रक्त जातंय असं समजायचं. पुढच्या आठवड्यात रक्त तपासून घेऊ."

भाग्यश्रीनं आनंदानं छायाचा हात दाबला. काळं होतंय म्हणजे गोळी लागू पडतेय, एवढाच अर्थ तिनं घेतला होता. छायाला दुसरा अर्थ कळला होता. महिनाभरात लोहाची एकही गोळी तिच्या पोटात गेली नव्हती. भीती वाटायला हवी होती. ती भीतीची वाट बघत बसली, पण आली नाही. खुर्ची गार आहे, एवढंच जाणवलं. उद्या सांगू, असं मनाशी म्हणून ती उठली.

उद्या झेंडूचा तोडा होता. परवाही होता. चौथ्या दिवशी सकाळी छाया वाफ्यातच खाली बसली आणि तिला उठता येईना. भाग्यश्री टोपली टाकून धावली. तिला सावलीत टेकवून तिनं लगेच मॅडमना फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडम, सासूबाईंना चक्कर आली. उभं राहवत नाहीये. गोळी वाढवू का? एकाच्या दोन?"

"आधीच्या नियमित घेतात ना?"

"एक पण चुकली नाही," भाग्यश्री म्हणाली. केवढा अभिमान होता तिच्या आवाजात. "मी माझ्या हातानं देते."

हे मात्र छायाला सोसेना. खोटं आपलं होतं तोवर चाललं; आता ही पोरगी तेच खरं म्हणून छातीठोकपणे सांगत होती.

"नाय घेतल्या," ती म्हणाली. "मॅडम, मी नाय घेतल्या. महिना झाला. टाकून देते मी."

मॅडमनी लगेच विचारलं, "आणि तरी काळं होतंय?"

"हां."

"दुसरी कसली गोळी घेता? दुखण्यावरची?"

"गुडघ्याची. रोज. दोन-तीन."

"छायाबाई, त्या गोळीनं तुमच्या पोटात जखम होऊन रक्त जात असणार. ती गोळी आता एकही घ्यायची नाही. माझ्याकडे वेळ घालवू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा, आत्ताच्या आत्ता. भाग्यश्री, ऐकतेस ना?"

भाग्यश्री सासूकडे बघत होती. "टाकून दिल्या?" ती म्हणाली. "का पण? मला सांगायचं ना. दुसऱ्या आणल्या असत्या. एकदा तरी सांगायचं ना, आई."

"मळमळायचं गं," छाया म्हणाली. खरं होतं ते, पण त्यानं काही भागणार नव्हतं.

संतोष आणि कुंदन फुलांची गाडी घेऊन बाजाराला गेले होते. घरात स्कूटर तेवढी होती. भाग्यश्रीनं डोळे पुसले, सासूच्या काखेत हात घालून तिला मागच्या सीटवर बसवलं, आणि ती पडू नये म्हणून आपली ओढणी दोघींच्या कमरेभोवती घेऊन स्वतःच्या पोटावर गाठ मारली. गाठ दोनदा ओढून पाहिली. बोलली मात्र एक अक्षर नाही.

रस्त्याला लागल्यावर छायानं तिच्या पाठीला डोकं टेकलं. ती पाठ हुंदक्यांनी हलत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच छायाला काहीतरी वाटलं, आणि वाटली ती भीती. दवाखान्यात काय होईल, आपण वाचू की नाही, हे सगळं तिला अजून लांबचंच वाटत होतं. ही पोरगी आता आपल्याशी कधी बोलेल की नाही, याचीच तिला भीती वाटत होती.

"हळू चालव गं," ती म्हणाली.

भाग्यश्रीनं गाडी आणखी जोरात काढली.